विभवांतर आणि धारेवरून रोध व शक्ती काढताना

जुन्या उपकरणातून निघालेला तारेचा एक रोधक (विजेच्या प्रवाहाला अडथळा करणारा भाग) माझ्या टेबलाच्या खणात बरीच वर्षे पडून होता. त्याच्यावर छापलेला आकडा पुसून गेलेला असल्यामुळे त्याचा रोध किती आणि तो किती वॅट शक्ती खातो, हे मोजूनच ठरवावे लागणार होते. मल्टिमीटर रोध थेट दाखवतो हे खरे, परंतु त्यासाठी तो रोधकातून अगदी थोडी धारा, म्हणजे विद्युतप्रवाह, सोडतो. मला मात्र रोधक तापून काम करत असतानाचा रोध हवा होता. म्हणून विभवांतर (दोन टोकांमधला व्होल्टचा फरक) आणि धारा एकाच वेळी मोजायची आणि त्यावरून दोन्ही उत्तरे काढायची, असे ठरवले.

एकच मल्टिमीटर आलटून पालटून वापरता येतो, तरी मी दोन घेतले. धारा मोजताना मीटरची लाल वायर वेगळ्या छिद्रात घालावी लागते, आणि ती तिथेच असताना विभवांतर मोजायला गेले, तर मीटरच्या आतून शॉर्टसर्किट होऊन फ्यूज उडतो. एक मीटर १० अँपिअरच्या छिद्रावर लावून एकसर जोडला, म्हणजे रोधकाची धारा त्याच्यातूनही जाईल असा (हा अँमीटर); दुसरा थेट रोधकाच्या दोन टोकांना समांतर (हा व्होल्टमीटर). या दुसऱ्या मीटरला फाटा देऊन पॉवर सप्लायच्या पडद्यावरचा आकडाच वापरावा, असा मोह होतो. माझ्या मांडणीत पडद्यावर १२.३० व्होल्ट होते, तर रोधकाच्या टोकांवर नेमके १२.००, उरलेले ०.३० व्होल्ट वायरी, चिमटे आणि खुद्द अँमीटर यांच्यात खर्च होत होते. धारा १.१८ अँपिअर होती. विभवांतराला धारेने भागले की पडद्याच्या आकड्यावरून रोध १०.४२ ओहम येतो आणि टोकांवरच्या आकड्यावरून १०.१७ ओहम. हा सुमारे अडीच टक्क्यांचा फरक केवळ मीटर कुठे टेकवला यामुळे पडतो.

या जोडणीत व्होल्टमीटरमधून जाणारी धाराही अँमीटरच्या मोजणीत येते. डिजिटल मीटरचा अंतर्गत रोध साधारण १० मेगाओहम असल्याने १२ व्होल्टला ती जेमतेम १.२ मायक्रोअँपिअर भरते, त्यामुळे इथे तिचा विचार करण्याचे कारण नाही. रोधकच काही मेगाओहमचा असेल, तर मात्र व्होल्टमीटर अँमीटरच्या अलीकडे जोडावा लागतो.

शक्ती म्हणजे विभवांतर गुणिले धारा, म्हणजे १४.१६ वॅट. धारेचा वर्ग गुणिले रोध किंवा विभवांतराचा वर्ग भागिले रोध, या सूत्रांनीही हेच उत्तर येते, आणि ते पाहून मोजमाप बरोबर असल्याची खात्री पटल्यासारखे वाटते. परंतु रोध त्याच दोन आकड्यांवरून काढलेला असतो; तिन्ही उत्तरे जुळली, तर फक्त भागाकार-गुणाकार बरोबर आहेत एवढेच सिद्ध होते. मोजमापाची खरी परीक्षा विभवांतर बदलून होते. ३ व्होल्टला धारा ०.२९८ अँपिअर आली, म्हणजे रोध १०.०७ ओहम, ९ व्होल्टला ०.८९ अँपिअर, म्हणजे १०.११ ओहम. रोधक तापत गेला तसा रोध किंचित वाढला, बाकी ओहमचा नियम (धारा विभवांतराच्या प्रमाणात वाढते) व्यवस्थित पाळला गेला.

अशा मोजणीत विभवांतर स्थिर असणे फार महत्त्वाचे आहे. गेऑर्ग ओहम यांनाही आरंभी रासायनिक घटांच्या अस्थिरतेचा त्रास झाला होता. पुढे त्यांनी बिस्मथ आणि तांबे यांचे तापयुग्म (टोकांच्या तापमानातील फरकावर विभवांतर देणारी दोन धातूंची जोडी) वापरले, ज्याचे एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरे बर्फात असे. अर्धवट उतरलेल्या बॅटरीवर मोजताना आकडा वाचेपर्यंत तो खाली घसरलेला असतो.

नंतर रोधकाच्या जागी मोटारीचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा तंतूचा दिवा लावला. थंड असताना मल्टिमीटरने त्याचा रोध सुमारे ०.६ ओहम दाखवला. हा आकडा धरून १२ व्होल्टला हिशेब केला, तर धारा २० अँपिअर आणि शक्ती २४० वॅट येते, जे २१ वॅटच्या दिव्याबाबत उघडच हास्यास्पद आहे. विभवांतर हळूहळू वाढवत नेल्यावर ६ व्होल्टला धारा १.२ अँपिअर होती, म्हणजे रोध ५ ओहम आणि शक्ती ७.२ वॅट, १२ व्होल्टला धारा १.७५ अँपिअर, म्हणजे रोध ६.८६ ओहम आणि शक्ती बरोबर २१ वॅट. टंगस्टनचा रोध तापमानाबरोबर वाढत असल्याने विभवांतर निम्मे केल्यावर शक्ती एक चतुर्थांश न होता जवळजवळ एक तृतीयांश राहते. ते २० अँपिअरही अगदीच काल्पनिक नाहीत: थंड दिव्याला एकदम पूर्ण विभवांतर दिले, तर तंतू तापेपर्यंतच्या क्षणात धारा त्या दिशेने उसळतेच. दिवे बहुधा चालू करतानाच उडतात, त्याला या उसळीचाही हातभार असतो.

तेव्हापासून मी वहीत दिव्याच्या रोधापुढे तो किती व्होल्टला मोजला हेही लिहितो. साध्या रोधकासाठी उलटा हिशेब अधिक उपयोगी पडतो: १०० ओहमचा पाव वॅटचा रोधक ५ व्होल्ट किंवा ५० मिलिअँपिअर एवढेच सोसतो, आणि १२ व्होल्टला जोडला तर त्याच्यावर १.४४ वॅट येऊन तो करपतो. प्रत्यावर्ती धारेवर चालणाऱ्या मोटरीला मात्र हा गुणाकार जसाच्या तसा लावता येत नाही. तिथे विभवांतर गुणिले धारा म्हणजे नुसते व्होल्ट-अँपिअर; वॅट हवे असतील, तर त्याला शक्तिगुणकाने (वॅट आणि व्होल्ट-अँपिअर यांच्या गुणोत्तराने) गुणावे लागते किंवा सरळ वॅटमीटर लावावा लागतो.