माझ्या खात्यावर मांड

बायबलातलं, प्रेषित पौलाने फिलेमोनाला लिहिलेलं पत्र मंडळीत फारसं कुणी उघडत नाही. तीताचं पत्र संपतं, पान उलटलं की इब्री लोकांस पत्र लागतं, आणि मधलं हे एका पानाचं पत्र अंगठ्याखालीच राहून जातं. पौलाच्या पत्रांतलं हे सगळ्यांत छोटं. अध्याय नाहीत, नुसत्या २५ ओव्या. त्यात ना तारणाचं शास्त्र, ना शेवटल्या दिवसांच्या गोष्टी. एका घरमालकाला एका दासाबद्दल घातलेली गळ, एवढाच मामला.

फिलेमोन कलस्सै गावचा. हे गाव आजच्या तुर्कस्तानात, लायकस नदीच्या खोऱ्यात होतं. माणूस खाऊनपिऊन सुखी असावा, कारण मंडळी त्याच्याच घरी जमायची. त्याचा दास अनेसिम काही कारणाने घराबाहेर पडला आणि कैदेत असलेल्या पौलापाशी पोचला. चोरी करून पळाला असं परंपरेने सांगतात. चौथ्या शतकात योहान ख्रिसोस्तमनेही तेच धरून उपदेश केला. पत्रात मात्र 'पळाला' असं कुठेही लिहिलेलं नाही. त्याने तुझं काही नुकसान केलं असेल किंवा तो काही देणं लागत असेल तर, एवढंच पौल म्हणतो. त्यामुळे काही अभ्यासकांना वाटतं की मालकाशी बिनसल्यावर मध्यस्थी करायला वजनदार माणूस हवा म्हणून तो मुद्दामच पौलाकडे गेला. रोमी जगात तशी रीत होती.

आठव्या-नवव्या ओवीत पौल म्हणतो, तुला योग्य ते करायची आज्ञा मी ख्रिस्ताच्या नावाने बिनदिक्कत देऊ शकलो असतो. पण देत नाही. प्रीतीस्तव विनवतो. मी म्हातारा झालो आहे, आणि आता तर कैदीही आहे. यावरचे जे संदेश मी आजवर ऐकले त्यांत बहुधा एकच गोष्ट सांगतात, की पाहा, पौलाने अधिकार बाजूला ठेवला आणि प्रेमाने जिंकलं. आपण 'आमेन' म्हणतो आणि घरी येऊन मुलांवर ओरडतो.

मला हे इतकं सरळ कधी वाटलं नाही, आणि त्याला माझी नोकरी जबाबदार आहे. मी पतसंस्थेत होते, निवृत्तीपर्यंत वसुलीच्या टेबलावर. हप्ते थकले की आमच्याकडून आधी गोड पत्र जायचं: आपण संस्थेचे जुने व प्रतिष्ठित सभासद आहात, आपल्याकडून सहकार्याची अपेक्षा आहे. पत्र हातात पडलं की सभासदाला बरोबर कळायचं, यानंतर सहकार कायद्याच्या कलम १०१ खालचा वसुली दाखला येणार. विनंतीच्या पत्रात दट्ट्या कुठे लपवलेला असतो ते ओळखण्यात माझं आयुष्य गेलं आहे.

त्याच नजरेने पौलाचं पत्र वाचलं तर दट्ट्या दिसतोच. पहिली गोष्ट म्हणजे पत्र खाजगी नाही. फिलेमोनाबरोबर अप्फियाचं नाव आहे, अर्खिप्पाचं आहे, आणि घरी जमणाऱ्या सगळ्या मंडळीला सलाम आहे. म्हणजे हे चारचौघांत वाचलं जाणार, आणि वाचून झाल्यावर सगळे यजमानाच्या तोंडाकडे बघणार. सुरुवातीला त्याची तोंडभरून स्तुती: तुझ्यामुळे पवित्र जनांच्या जिवाला विसावा मिळाला. मग आज्ञा करू शकतो पण करत नाही, हे ऐकवून झालं. मग म्हातारपण, मग बेड्या. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याचं नाव दहाव्या ओवीपर्यंत येत नाही, आणि येतं तेही 'माझं लेकरू' म्हणून. एकविसाव्या ओवीत, तू ऐकशील याची खात्री आहे, मी सांगतो त्याहून जास्तच करशील. बाविसाव्यात, माझ्यासाठी पाहुण्याची खोली तयार ठेव. म्हणजे मी स्वतः बघायला येतोय! आमच्या वसुली विभागात असा मसुदा लिहिणारा कुणी असता तर थकबाकी उरलीच नसती.

त्यात पौल काही मूळचा मवाळ माणूस नव्हे. करिंथकरांना तो विचारतो, काठी घेऊन येऊ की प्रीतीने? गलतीकरांना तर सरळ बुद्धिहीन म्हणतो. तेव्हा फिलेमोनाशी तो मऊ बोलतो ते स्वभावाने नव्हे, ठरवून.

ही सगळी गोड भाषेतली जबरदस्तीच, असं म्हणून मी पुस्तक मिटलं असतं. मला अडवलं ते अठराव्या आणि एकोणिसाव्या ओवीने. त्याचं काही देणं असेल तर माझ्या खात्यावर मांड. मी पौल हे स्वतःच्या हाताने लिहितो आहे, मी फेडीन.

जामीनदार सही करतो तो क्षण मी टेबलाच्या पलीकडून पुष्कळ वेळा बघितला आहे. कर्जदार खुशीत असतो, चहा सांगतो. जामीनदार गप्प. फॉर्मवरची बारीक अक्षरं वाचायचा प्रयत्न करतो, मग वाचणं सोडून देतो कारण नाही म्हणायची सोय नसते: मेव्हणा असतो, शेजारी असतो, एकाच शाळेतला मास्तर असतो. पेन टेकवतो आणि पहिलं अक्षर उमटायच्या आधी एकदा कर्जदाराकडे बघतो. त्या बघण्यात सगळं असतं. हप्ते थकल्यावर पगारातून कपात त्याच्याच होते. नीतिसूत्रे तर बजावूनच ठेवतात की दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहू नकोस, फेडायला जवळ काही नसेल तर तुझ्या अंगाखालचं अंथरूणही ते ओढून नेतील. परूशी या काटेकोर यहुदी पंथाच्या शाळेत शिकलेल्या पौलाला हे वचन ठाऊक नसेल असं होणार नाही. तरीही तो सही करतो. रक्कम न लिहिता करतो! आमच्याकडे असा फॉर्म आला असता तर मी परत पाठवला असता: जामीनदार वृद्ध, नियमित उत्पन्न नाही, सध्या कैदेत, रकमेचा रकाना कोरा.

आमच्या त्या गोड पत्राखाली सही करणाऱ्याचा स्वतःचा एक रुपयाही गुंतलेला नसायचा. पौलाचा गुंतला आहे, आणि मला तरी त्याच्या प्रीतीचा पुरावा सापडतो तो इथे, नवव्या ओवीच्या मृदू भाषेत नाही. (एकोणिसाव्या ओवीच्या शेवटी तो हळूच जोडतो की तू स्वतः माझा किती ऋणी आहेस ते मी काही बोलत नाही. बोलत नाही म्हणतो आणि बोलतो. घरातली वडीलधारी माणसं सगळ्या शतकांत सारखीच.)

याच धाटणीचं एक बिगरख्रिस्ती पत्र रोमी साहित्यात आहे, आणि शेजारी ठेवल्यावर फरक उघडा पडतो. पौलानंतर साधारण अर्ध्या शतकाने धाकट्या प्लिनीने साबिनियानस नावाच्या मित्राला लिहिलं. साबिनियानसने मुक्त केलेला एक जुना दास काहीतरी चूक करून प्लिनीच्या पाया पडायला आला होता. प्लिनी लिहितो, पोराला खरंच पश्चात्ताप झालाय, रडतोय, माफ कर. माझीही विनंती जोडली तर मी मागत नसून भाग पाडतोय असं दिसेल की काय अशी भीती वाटते, तरी जोडतोच. पुढे सांगतो की मी त्याला चांगला झापला आहे आणि पुन्हा रदबदली करणार नाही असं बजावलंही आहे. साबिनियानसने ऐकलं, प्लिनीने आभाराचं दुसरं पत्र पाठवलं. सभ्य माणूस, पत्रही सुंदर. पण प्लिनी त्या माणसासाठी स्वतःचं काही पणाला लावत नाही, आणि त्याला जवळ बसव असंही सांगत नाही. पौल सांगतो की मला स्वीकारशील तसा याला स्वीकार, आता दास म्हणून नको, दासाहून अधिक, प्रिय बंधू म्हणून.

हे सगळं मी आमच्या महिला मंडळात बुधवारी मोठ्या उत्साहाने मांडलं. जामीनदाराचा मुद्दा बायकांना लगेच पटला. निम्म्या घरांत कुणी ना कुणी त्यात पोळलेलं आहे. मग कोपऱ्यातल्या आक्का, वय ऐंशीच्या पुढे, चष्मा पुसत म्हणाल्या, "बाई, ते फिलेमोनाला विनंती केली, बरं केलं. त्या पोराला कुणी विचारलं का, परत जातोस का म्हणून?"

खोलीत कुणी काही बोलेना. कारण चौदाव्या ओवीत पौल म्हणतो की तुझ्या संमतीशिवाय मला काही करायचं नव्हतं, तुझं चांगलं काम जुलुमाचं नको, स्वखुशीचं व्हावं. ही स्वखुशी फिलेमोनाची आहे. अनेसिमाची मर्जी पत्रात कुठेच नाही. कलस्सैकरांच्या पत्रावरून दिसतं की तो पौलाचा सहकारी तुखिक याच्याबरोबर परत गेला, आणि तिथे पौल त्याला विश्वासू व प्रिय बंधू म्हणतो. पण परत जाणं म्हणजे काय, हे त्या काळच्या वस्तूंवरून कळतं. रोममध्ये सापडलेली एक लोखंडी गळपट्टी आहे, पौलानंतर तीनेकशे वर्षांची. तिला अडकवलेल्या बिल्ल्यावर लिहिलं आहे: मी पळालो आहे, मला धरा, माझा मालक झोनिनस याच्याकडे परत पोचवलंत तर एक सोन्याचं नाणं मिळेल. पळालेल्याच्या कपाळावर डाग द्यायची पद्धतही होती. अनेसिमाला वाटेत काय वाटलं असेल? हातातल्या पत्रात आपल्यासाठी काय लिहिलंय हे ठाऊक असूनसुद्धा?

आक्कांच्या प्रश्नाने मला आणखी एक ओवी आठवली आणि मी ती तिथेच काढली. अनुवाद २३:१५. मालकापासून पळून तुझ्याकडे आश्रयाला आलेल्या दासाला मालकाच्या हवाली करू नकोस, त्याला आवडेल त्या गावी तुमच्यात राहू दे. मोशेच्या नियमशास्त्राचं वचन. पौलाला हेही ठाऊक होतं. अनेसिम पळून आलेला असेल, तर त्याला परत पाठवताना हे वचन त्याने ओलांडलं. त्याने फिलेमोनाला उदार होण्याची संधी दिली, पण त्या संधीची जोखीम अनेसिमाच्या पाठीवर.

ही जोखीम पुढे किती वाढली ते इतिहासात आहे. अमेरिकेत दासांच्या मालकांना हे पत्र फार आवडायचं. बघा, प्रेषितानेही पळालेल्याला परत धाडलं! जॉर्जिया राज्यातल्या लिबर्टी काउंटीत चार्ल्स कॉल्कॉक जोन्स हे पाळक दासांना उपदेश करायचे. १८३०च्या दशकात त्यांनी याच पत्रावर संदेश दिला आणि पौलाच्या आधाराने सांगितलं की पळून जाणं पाप आहे. अर्धे श्रोते उठून निघून गेले. राहिलेल्यांतले काही म्हणाले, असं पत्र बायबलात नाहीच. काही म्हणाले, हे शुभवर्तमान नव्हे. काही म्हणाले, हा मालकांना खूश करायला बोलतो. हे सगळं जोन्स यांनी स्वतःच अहवालात लिहून ठेवलं. ते उठून गेलेले लोक मला पत्राचे फार चांगले वाचक वाटतात. पत्रातला एकही हुकूम दासासाठी नाही. सगळी गळ मालकाला घातलेली आहे, आणि जोन्स यांनी ती उलटी फिरवून गळ्यात अडकवली.

हे आपल्यापासून फार लांबचं नाही. आमच्या नगरला अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली काम सुरू केलं, म्हणजे साधारण त्याच काळात. ते मिशन चालवणारं बोस्टनचं अमेरिकन बोर्ड १८४०च्या दशकात दास बाळगणाऱ्यांच्या देणग्या घ्याव्यात की नाही या वादात सापडलं होतं. आमच्या मंडळीच्या वर्धापनदिनाच्या भाषणांत हा वाद मी कधी ऐकलेला नाही.

पत्राचा परिणाम काय झाला? उत्तर जपलं गेलेलं नाही, पण पत्र जपलं गेलं, आणि फिलेमोनाला ते आवडलं नसतं तर चुलीत घालणं त्याच्याच हातात होतं. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला अंत्युखियाचा बिशप इग्नातियस श्वापदांपुढे टाकण्यासाठी रोमला नेला जात असताना त्याने इफिसकरांना पत्र लिहिलं, त्यात त्यांच्या बिशपाचं नाव अनेसिम येतं. हाच तो, असं मानायला मला आवडतं. दासांमध्ये हे नाव सर्रास असायचं हे माहीत असूनही.

आक्कांना मी हे सांगितलं. त्यांना बिशपाचं कौतुक वाटलं नाही. त्यांचं लक्ष बाविसाव्या ओवीवर होतं. "खोली तयार ठेव म्हणतो. झाडणार कोण? फिलेमोन?" म्हणाल्या. यावर अप्फियापासून घरातल्या दासांपर्यंत सगळ्यांची चर्चा झाली आणि प्रार्थनेला उशीर झाला. एकीचं म्हणणं, अनेसिमाला आता बंधू म्हटल्यावर झाडू त्याच्या हातात जाणारच नाही. दुसरीचं म्हणणं, आमच्याकडे भाऊच झाडतो. पुढच्या बुधवारी पाळकसाहेबांना बोलवायचं ठरलं आहे, आणि आक्कांनी त्यांना अनुवादाची ती ओवी आधीच चिठ्ठीवर लिहून पाठवली आहे.