आमची वाटचाल: फिजीच्या गदा आणि आमचं छोटंसं दुकान

धंदा काय करता असं कोणी विचारलं की अजूनही पंचाईत होते. अँटिक म्हटलं की लोकांना खुर्च्या नि घड्याळं वाटतात, आपल्या मराठी मंडळींना वाटतं दांडपट्टे, कट्यारी असतील, आणि आम्ही विकतो पॅसिफिक बेटांवरची जुनी लाकडी हत्यारं, मुख्य फिजी आणि टोंगा, थोडं सामोआ, कधीतरी सॉलोमन. सासूबाई इंग्लंडला पहिल्यांदा आल्या तेव्हा हॉलमध्ये रांगेत उभ्या गदा बघून म्हणाल्या, "मारुतीचं देऊळ काढताय का?" आता पाहुणे आले की त्याच आधी दाखवतात.

मी एका छोट्या ऑक्शन हाऊसमध्ये कॅटलॉगिंग करायचे. कुठल्यातरी म्हातारीचं घर रिकामं झालं की ट्रक भरून माल यायचा, काचसामान, फ्रेम्स, आणि छत्र्यांच्या स्टँडमध्ये एखादा काळाभोर सोटा. आमच्याकडे त्याची नोंद व्हायची "ट्रायबल क्लब", बास, खंडही लिहायचे नाहीत. एक दिवस असाच एक उचलला आणि वजनानेच चमकले. लाकूड नोकोनोको, म्हणजे आपलं सुरू! मी दापोलीकडची, किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात अख्खं लहानपण गेलं, पण त्या लाकडाचं कोणी हत्यार करत असेल असं कधी डोक्यात आलं नव्हतं. पाण्यात टाकलं तर बुडावं इतकं जड नि चिवट असतं ते. तिथून वाचायला लागले ते थांबलेच नाही.

इंग्लंडमध्येच हा माल एवढा का निघतो याचं उत्तर सोपं आहे. मेथडिस्ट मिशनरी फिजीत 1835 मध्ये पोचले, मागोमाग व्यापारी, नौदलाचे अधिकारी, आणि 1874 मध्ये तर फिजी ब्रिटिश वसाहतच झाली. लढाया थांबल्या, गदांचं काम संपलं, मग त्या कुणाला भेट म्हणून दिल्या, कुणी सामानाच्या बदल्यात घेतल्या, काही सरळ काढून घेतल्या, आणि सगळ्या बोटीने इकडच्या माळ्यांवर. खुद्द फिजीच्या थाकोम्बाऊ राजाने आपली गदा व्हिक्टोरिया राणीला पाठवली होती. ती मात्र 1930 च्या दशकात परत गेली आणि तिथल्या विधिमंडळाचा राजदंड झाली.

नोकरी सोडून स्वतःचं सुरू केलं तेव्हा आफ्रिकेचे मुखवटे, इंडोनेशियाच्या क्रिस नावाच्या कट्यारी, जे स्वस्त मिळेल ते ठेवायचो. दुकान भरलेलं दिसायचं, पण गिऱ्हाईकाने दोन प्रश्न जास्त विचारले की मला सांगता यायचं नाही, म्हणून बाकी सगळं काढून टाकलं आणि पॅसिफिकवरच राहिलो. नवरा इंजिनिअर, त्याने हळूहळू स्टँड बनवायला घेतले, लोखंडी, लाकडाला कुठेही ओरखडा न पडता गदा हवेत उभी राहील असे, आणि खरं सांगू, सुरुवातीला आमचं घर माझ्या गदांपेक्षा त्याच्या स्टँडवरच चाललं. दुसरे डीलर अजूनही त्याच्याकडून करून नेतात.

मालाबद्दल थोडं सांगते, कारण यातली मजा तिथेच आहे. ऊला ही फेकायची गदा, हातभर लांब, कमरेला खोचून न्यायची, बऱ्याचदा जोडीने. साधी ऊला काही शे पाउंडात मिळते, नव्या माणसाने तिथून सुरुवात करावी. तोतोकियाला पुढे काटेरी गोळा नि त्यातून निघालेली चोच, ती कवटीला भोक पाडायला, आणि ती होती सरदार-योद्ध्यांची. बाजारात सगळे तिला "पायनॅपल क्लब" म्हणतात, पण तो गोळा केवड्याच्या जातीच्या झाडाचं फळ आहे, कोकणातल्या माणसाला बघताक्षणी कळावं. वाकड्या मानेच्या काही गदांसाठी तर झाड कोवळं असतानाच वाकवून बांधायचे आणि वर्षानुवर्षं तसंच वाढू द्यायचे. लाकडाच्या रेषा त्या वाकाबरोबर वळत जातात, म्हणून नकली ओळखायला मी पहिल्यांदा तिथेच बघते. सरळ फळीतून कापलेली असेल तर वाकाशी रेषा तुटतात. मग मूठ बघायची, वर्षानुवर्षं हात लागून झिजलेली जागा गुळगुळीत पण असमान असते, बूट पॉलिश चोळून आणलेला काळेपणा सगळीकडे सारखा असतो आणि नाकाला कळतो.

दुसरी कटकट म्हणजे गोष्टी. विकणारा प्रत्येक जण सांगतो की ही नरभक्षकाची गदा, या खाचा म्हणजे मारलेली माणसं. काही गदांवर तशा खुणा असतातही, मारलेल्या शत्रूचे दातही बसवलेले असतात, पण प्रत्येक ओरखडा म्हणजे एक मुडदा नव्हे. नरभक्षकांचे म्हणून जे मांस खायचे लाकडी काटे विकले जातात त्यातले कितीतरी एकोणिसाव्या शतकातच टूरिस्टांसाठी बनवलेले आहेत. आम्ही लेबलवर प्रकार, लाकूड, माप, वजन, अंदाजे काळ आणि कोणाच्या घरातून आली एवढंच लिहितो. गोष्ट नसली की किंमत कमी येते, येऊ दे. जुन्या संग्राहकाचं लेबल किंवा शाईने लिहिलेला नंबर असेल तर मात्र तो कधीच पुसत नाही, तीच खरी कमाई. माणसाचे दात बसवलेली वस्तू आम्ही घेतच नाही, यावर घरात वाद झाला होता, मी जिंकले.

कायद्याचं म्हणाल तर टोंगाच्या कारागिरांचं व्हेलच्या दाताचं जडावकाम असलेल्या गदा फार सुंदर असतात, आणि जानेवारी 2025 पासून हस्तिदंताच्या विक्रीवर बंदी घालणारा कायदा इथे व्हेलच्या दातालाही लागू झाला. वस्तू 1947 च्या आधीची आणि दात एकूण आकारमानाच्या 10 टक्क्यांपेक्षा कमी, असं असेल तर रजिस्टर करून विकता येते. कागदपत्रं नवरा बघतो, मला फॉर्म बघितले की झोप येते. कुरिअरवाल्यांना "वॉर क्लब" शब्द वाचून घाम फुटतो तो वेगळाच.

गिऱ्हाईक पण बदललंय. आधी निवृत्त इंग्रज गृहस्थ, आता ब्रिटिश आर्मीतले फिजीचे जवान बायको-मुलांना घेऊन येतात. विकत घ्यायला नाही, हातात धरायला. असाच एक जण 'साली' नावाच्या प्रकारची गदा बराच वेळ फिरवून बघत होता, मग म्हणाला, विकली की आम्ही हिला कुठे बघायचं? चहा पिऊन गेला, पण त्या दिवसापासून विकलेल्या वस्तूचे फोटो आणि माहिती वेबसाइटवरून काढणं बंद केलं, आणि जुन्या विक्रीतले जे फोटो कॉम्प्युटरमध्ये सापडले तेही चढवले. दोन गिऱ्हाइकांना ते आवडलं नाही, पुढचा माल दुसरीकडून घेतो म्हणाले, घेऊ देत.

सध्या टेबलावर पॅसिफिकमधल्याच किरिबाटी बेटांवरची शार्कच्या दातांची तलवार आहे, नारळाचं लाकूड, प्रत्येक दात काथ्याने बांधलेला, आणि सेंट्रल हीटिंगने काथ्या सुकून तुटायला आलाय. तिला अजून किंमत लावलेली नाही, स्टँडही व्हायचाय, पण बघायला यायचं असेल तर शनिवारी या, आम्ही दुकानातच असतो.