तुम्ही विचारलंत म्हणून : शानाहान यांनी चेंडू आधी का मागितला?

मी सांता क्लाराजवळ राहतो आणि सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा चाहता आहे, हे कळले की क्रिकेटवर वाढलेल्या मराठी मंडळींपैकी कोणीतरी एक प्रश्न हटकून विचारते. समोरच्याची धावसंख्या कळल्यावर खेळणे सोपे असते हे गल्लीतल्या पोरालाही ठाऊक असते. मग तुमच्या प्रशिक्षकांनी नाणेफेक जिंकूनही चेंडू आधी का मागितला, म्हणजे आधी चढाई करणे का निवडले? प्रश्नाचा रोख लास व्हेगास येथे ११ फेब्रुवारी २०२४ रोजी झालेल्या सुपर बोलकडे, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्याकडे असतो. कॅन्सस सिटी चीफ्सविरुद्धचा तो सामना निर्धारित वेळेत १९-१९ असा बरोबरीत सुटला आणि जादा वेळेत आम्ही २५-२२ असा हरलो. प्रशिक्षक काइल शानाहान यांचा तो निर्णय माझ्याही मते चुकला. मात्र तो अविचाराने घेतला गेला, हे मला मान्य नाही.

आधी नियम सांगतो, कारण अर्धा वाद नियम नीट ठाऊक नसल्यामुळे होतो. जुन्या काळी जादा वेळेत जो पहिला गुण मिळवील तो जिंकत असे; १९५८ चा कोल्ट्स आणि जायंट्स यांच्यातला प्रसिद्ध अंतिम सामना असाच संपला. २०१० मध्ये बाद फेरीपुरता बदल झाला तो असा, की पहिल्या संघाने केवळ ३ गुणांचा फील्ड गोल (लाथ मारून चेंडू खांबांमधून पाठवणे) केला तर दुसऱ्याला संधी मिळेल, पण टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेणे, ६ गुण) केला तर सामना तिथेच संपेल. या नियमाचा चटका शानाहान यांना स्वतःला बसला होता. २०१७ च्या सुपर बोलमध्ये ते अटलांटा फाल्कन्सच्या आक्रमणाचे प्रशिक्षक होते; त्यांचा संघ २८-३ असा पुढे होता, प्रतिस्पर्धी पॅट्रियट्सनी बरोबरी साधली, नाणेफेक जिंकली, टचडाउन केला, आणि फाल्कन्सच्या आक्रमणाला जादा वेळेत चेंडू मिळालाच नाही. चीफ्सनीही हेच दुःख २०१९ च्या जानेवारीत भोगले आणि नियम बदलावा म्हणून प्रस्ताव मांडला; तो तेव्हा बारगळला. पुढे जानेवारी २०२२ मध्ये त्याच नियमाचा लाभ त्यांना मिळाला आणि बफेलो बिल्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार, जॉश अॅलन चेंडूची वाट पाहत बाजूला उभा राहिला, तेव्हा मात्र मोठी ओरड झाली. मार्च २०२२ मध्ये संघमालकांनी २९ विरुद्ध ३ मतांनी ठरवले की बाद फेरीत, पहिल्या संघाने टचडाउन केला तरी, दुसऱ्याला चेंडू मिळेल. लास व्हेगासचा सामना हा या नव्या नियमाखाली जादा वेळेत गेलेला पहिलाच सामना होता, त्यामुळे कोणापाशीही अनुभवाची पुंजी नव्हती.

शानाहान यांचे गणित तिसऱ्या पाळीवर उभे होते. दोन्ही संघांना एकेक पाळी मिळून बरोबरीच राहिली, तर तिसऱ्या पाळीपासून जुना नियम लागू होतो, म्हणजे जो पहिला गुण मिळवील तो जिंकतो. आणि आधी चेंडू घेणाऱ्यालाच ती तिसरी पाळी मिळते. यात दुसरेही एक कारण होते, जे माझे मित्र तावातावाने मांडतात आणि जे मला पटते: निर्धारित वेळेच्या शेवटी चीफ्सनी ११ खेळींची दीर्घ चढाई करून, ३ सेकंद उरले असताना बरोबरी साधली होती, आमची बचावफळी दमली होती, आणि तिला लगेच पुन्हा मैदानात उतरवणे धोक्याचे होते.

तरीही निर्णय चुकला असे मी म्हणतो ते चौथ्या डाउनमुळे. अमेरिकन फुटबॉलमध्ये १० यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न, म्हणजे डाउन, मिळतात, आणि चौथ्या प्रयत्नाला प्रशिक्षकासमोर पेच उभा राहतो: जोखीम घेऊन पुढे खेळायचे, की लाथ मारून मिळतील तेवढ्या गुणांवर समाधान मानायचे. आमचा संघ ६६ यार्ड पुढे आला आणि चीफ्सच्या ९ यार्ड रेषेवर चौथा डाउन आला. पुन्हा चार प्रयत्न मिळवण्यासाठी ४ यार्ड हवे होते. ३ गुण पुरतील की ७ लागतील, हे ठरवायला शानाहान यांच्यापाशी काहीच आधार नव्हता, आणि त्यांनी २७ यार्डांचा फील्ड गोल पत्करला. नंतर चीफ्सवर स्वतःच्या ३४ यार्ड रेषेवर चौथ्या डाउनला १ यार्ड हवा असण्याची वेळ आली, तेव्हा त्यांच्यापुढे पेचच उरला नव्हता. लाथ मारून चेंडू सोडून दिला तर पराभव, एवढे लख्ख दिसत होते. क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स स्वतः धावला आणि त्याने ८ यार्ड मिळवले. पहिल्या पाळीत हीच स्थिती असती, तर चीफ्सच्या अँडी रीड यांच्यासारख्या धीट प्रशिक्षकानेही इतक्या मागून जोखीम घेतली असती का, याविषयी मला शंका आहे. शेवटी ३ सेकंद उरले असताना चीफ्सच्या मेकोल हार्डमनने टचडाउन केला.

तिसऱ्या पाळीचे गणित आणखी एका ठिकाणी लंगडे पडते. टचडाउननंतर १ गुणासाठी लाथ मारता येते किंवा २ गुणांसाठी आणखी एक खेळी करता येते. आम्ही ७ गुण केले असते, तर चीफ्सनी आपल्या टचडाउननंतर २ गुणांचा प्रयत्न केला असता, असे त्यांच्या ख्रिस जोन्सने सामन्यानंतर सांगितले. म्हणजे सामना दुसऱ्याच पाळीत या किंवा त्या बाजूने संपला असता. ज्या पाळीसाठी आपण नाणेफेक खर्च केली, ती येऊ द्यायची की नाही हे प्रतिस्पर्ध्याच्या हाती ठेवणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

मला याहून अधिक टोचते ते निराळेच. चीफ्सचे खेळाडू सांगत होते की हा नियम त्यांना हंगामापूर्वीच्या सरावापासून समजावला जात होता. आमचा एरिक आर्मस्टेड मात्र म्हणाला की बदललेला नियम त्याला स्टेडियममधल्या फलकावर वाचून कळला. खेळाडूंना नियम माहीत असता, तर निकाल बदलला असता असे नाही, कारण निर्णय प्रशिक्षकाचा असतो आणि खेळाडूने समोरच्याला अडवायचेच असते. तरीही, वर्षानुवर्षे हंगामाची तिकिटे काढणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला ते वाक्य ऐकून कसेसेच झाले. बाकी, चौथ्या सत्रात आमची १ गुणाची लाथ अडवली गेली नसती तर जादा वेळेची पाळीच आली नसती, असे जे म्हणतात त्यांच्याशी मी वाद घालत नाही. त्या दिवशी चीफ्सचा पंट (लाथ मारून दूर धाडलेला चेंडू) आमच्याच खेळाडूच्या टाचेला लागून चेंडू चीफ्सकडे गेला आणि पुढच्याच खेळीत टचडाउन झाला, हेही मग मोजावे लागेल.

तुमचा पुढचा प्रश्न बहुधा असा असतो, की मग आता नाणेफेक जिंकणाऱ्याने नेहमी दुसरी पाळीच घ्यावी का? बाद फेरीत माझे उत्तर होकारार्थी आहे, कारण तिथे वेळ संपून सामना बरोबरीत सुटत नाही. पण २०२५ पासून साखळी सामन्यांतही दोन्ही संघांना चेंडू मिळू लागला आहे, आणि तिथे जादा वेळ फक्त १० मिनिटांची असते. लास व्हेगासमधली आमची पहिली चढाई ७ मिनिटे ३८ सेकंद चालली होती. तीच चढाई साखळी सामन्यात झाली, तर दुसऱ्या संघाला लक्ष्य माहीत असेल, पण ते गाठायला सव्वादोन मिनिटांहून थोडाच अधिक वेळ उरेल. तिथे आधी चेंडू मागणाऱ्या प्रशिक्षकाला मी निदान लगेच तरी नावे ठेवणार नाही.