आर्किटेक्टच्या ऑफिसातील ट्रेनीने किती पैशांची अपेक्षा ठेवावी?

बी.आर्क. या वास्तुकलेच्या पदवीच्या पाच वर्षांत किमान एक सत्र आर्किटेक्टच्या ऑफिसात काम शिकण्यासाठी असते. वास्तुकलेच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या वास्तुकला परिषदेच्या 1983 च्या नियमांत हे सत्र साधारण 16 आठवड्यांचे धरले होते. या काळात विद्यार्थ्याच्या हातात किती पैसे पडायचे, हे व्यवहारात ज्या त्या ऑफिसच्या मर्जीवर ठरते.

पुण्या-मुंबईत माझ्या पाहण्यात आलेले विद्यावेतन बहुधा महिना 5,000 ते 15,000 रुपयांच्या दरम्यान असते. मोठ्या नावाचे ऑफिस जास्त देईलच असे नाही. अशा ठिकाणी अर्जांची रीघ लागलेली असल्यामुळे काही जण अजूनही नुसत्या प्रमाणपत्रावर बोळवण करतात. बांधकाम कंपन्यांत आणि मोठ्या सल्लागार संस्थांत रक्कम जरा बरी मिळते, मात्र तिथे एकाच प्रकारच्या नकाशांत अडकून पडण्याची शक्यताही अधिक असते.

ताडून पाहण्यासाठी एक सरकारी आकडा हाताशी असावा. शिकाऊ उमेदवार कायद्याखालील नियमांत 2019 साली जी सुधारणा झाली, तिच्यात पदवीधर उमेदवारासाठी महिना किमान 9,000 आणि पदविकाधारकासाठी 8,000 रुपये विद्यावेतन ठरवण्यात आले, आणि राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेत (NATS) नोंदणी केल्यास या किमान रकमेतील निम्मा वाटा केंद्र सरकार उचलते. पण उमेदवार घेण्याची सक्ती 30 किंवा अधिक माणसांच्या आस्थापनांनाच आहे. चार ते 29 माणसांच्या आस्थापनांसाठी उमेदवार घेणे ऐच्छिक आहे, आणि आपल्याकडची बहुसंख्य आर्किटेक्ट ऑफिसे याच छोट्या गटात किंवा त्याच्याही खाली मोडतात. शिवाय नोंदणीकृत करार नसलेल्या विद्यार्थ्याला त्या आकड्यावर हक्क सांगता येत नाही. तरीही पदवीच्या उंबरठ्यावरील मुलाला त्या आकड्याच्या निम्म्याहून कमी देणारे ऑफिस नेमके कशाची काटकसर करत आहे, हे विचारायला हरकत नसावी.

ऑफिसवाल्यांचे ठरलेले उत्तर असे, की ट्रेनीला शिकवण्यात आमचाच वेळ जातो. सुरुवातीपुरते ते खरेही आहे. टॉयलेटचे डिटेल काढायला बसवलेल्या मुलीला फरशीचा तुकडा दाराआड कसा न्यायचा, नहाणी ट्रॅपकडे (पाणी वाहून जाण्याच्या जाळीकडे) उतार किती द्यायचा, संक स्लॅबची (बाथरूमखाली मुद्दाम खाली घेतलेल्या स्लॅबची) खोली कुठून मोजायची, हे समजावताना एखाद्या वरिष्ठाची अख्खी दुपार सहज जाते. परंतु दीड-दोन महिन्यांनी तीच मुलगी दारे-खिडक्यांचे शेड्यूल (मापांची यादी) आणि मंजुरीच्या नकाशावरील क्षेत्रफळाचा तक्ता तयार करू लागते, आणि त्या कामाचे शुल्क ऑफिस ग्राहकाकडून रीतसर घेत असते. म्हणूनच पहिल्या महिन्यात कमी आणि नंतर वाढीव रक्कम देण्याची पद्धत मला पटते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत शून्य देण्याची अजिबात पटत नाही.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. 2019 साली लंडनच्या सर्पेंटाइन गॅलरीच्या पॅव्हिलियनचे, म्हणजे तिथे दर उन्हाळ्यात उभ्या राहणाऱ्या तात्पुरत्या मंडपाचे, काम जपानी वास्तुविशारद जुन्या इशिगामी (Junya Ishigami) यांच्याकडे होते. त्यांच्या ऑफिसातील बिनपगारी इंटर्नशिपवरून गदारोळ झाला, तेव्हा त्या प्रकल्पावर काम करणाऱ्या प्रत्येकाला मोबदला द्यावा, असे गॅलरीने बजावले.

आपल्याकडे याची झळ सर्वांना सारखी बसत नाही. ज्याचे घर ठाण्यात किंवा कोथरूडमध्ये आहे, तो फुकट राबूनही निभावून नेतो. लातूरहून किंवा सांगलीहून आलेल्याला मात्र कॉटबेसिसचे भाडे, मेस आणि रेल्वेचा पास भरावा लागतो. त्यातच लॅपटॉप बहुतेक वेळा स्वतःचाच न्यावा लागतो, आणि बऱ्याच खासगी महाविद्यालयांत त्या सत्राचे शुल्कही सुटत नाही. चांगल्या ऑफिसात शिकायला कोण जाणार, हे अशा वेळी पोर्टफोलिओपेक्षा घरचा पत्ताच ठरवतो.

मुलाखतीत पैशांचा विषय काढणे उद्धटपणाचे वाटते, म्हणून मुले गप्प बसतात. त्यांनी तसे करू नये. रक्कम किती, ती कोणत्या तारखेला मिळणार, शनिवारी सुट्टी असते का, साइटवर जाण्याचे भाडे कोण देणार आणि सबमिशनच्या आदल्या रात्री थांबावे लागल्यास जेवणाची व घरी परतण्याची सोय काय, एवढे रुजू होण्याआधी ईमेलवर लिहून घ्यावे.