काही माहितीचं वाच

लायब्ररीतलं पुस्तक लोकांनी खरंच वाचलंय की नुसतं घरी नेऊन परत आणलंय, हे आतलं एक अक्षरही न वाचता कळतं. पुस्तक मिटायचं, आडवं धरायचं आणि पानांची उघडी कड बघायची. बोटं जिथवर पोचली तिथवर कड काळपट, पुढे कोरी. 'प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी' छापाच्या जाडजूड ग्रंथांची कड बहुतेक वेळा पहिल्या बोटभर जाडीपुरतीच मळलेली असते.

मे महिन्याची दुपार, बाहेर पंचेचाळीस, आत कूलर. कूलरच्या दमट हवेनं पुस्तकं फुगतात, पानांना वळ्या पडतात आणि कड एरवीपेक्षा जास्त उघडी पडते. उशाशी पडलेलं 'द दा विंची कोड' असंच फुगलेलं, आणि त्याची कड पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकसारखी मळकी. मध्ये कुठेही पांढरा पट्टा नाही. एका जागी हळदीचं बोटसुद्धा. म्हणजे जेवताना वाचलेलं.

मार्च २००३ मध्ये आलेली ही कादंबरी जगभरात आठ कोटी प्रतींच्या घरात खपली. डॅन ब्राउनच्या त्याआधीच्या तीन कादंबऱ्यांकडे कुणी फारसं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. या खेपेला प्रकाशकानं पुस्तक बाजारात येण्याआधीच हजारो प्रती दुकानदारांना आणि समीक्षकांना वाटल्या, आणि पहिल्याच आठवड्यात ते न्यूयॉर्क टाइम्सच्या यादीत अव्वल. तेव्हा हवा आधी केली गेली हे खरंच. पण हवा करून पुस्तक विकत घ्यायला लावता येतं, साडेचारशे पानं वाचायला लावता येत नाहीत. त्याचं कारण पुस्तकातच शोधावं लागतं.

कारण अगदी साधं आहे आणि ते मोजता येतं. साडेचारशेच्या आसपास पानं, प्रकरणं १०५. म्हणजे एका प्रकरणाला सरासरी चार-सव्वाचार पानं, काही तर पान-दीड पानांचीच. 'एवढं एक प्रकरण संपवतो आणि झोपतो' असं म्हणायला पाच मिनिटं लागतात आणि पाच मिनिटांना कुणाचीच ना नसते. प्रकरण संपतं ते दार उघडताना, फोन वाजताना, कुणीतरी मागून पुढे येताना. पुढचं प्रकरण मात्र भलतीकडेच. प्राध्यापक लँग्डन आणि खून झालेल्या संग्रहालयप्रमुखाची नात सोफी एकीकडे, खुनी साधू दुसरीकडे, पोलीस तिसरीकडे. पहिल्या दाराआड काय होतं ते कळायला मधली दोन प्रकरणं वाचावी लागतात, तोवर त्या दोन प्रकरणांनीही आपापली दारं उघडी टाकलेली असतात. सगळी धावपळ जेमतेम एका रात्रीची आणि दुसऱ्या दिवसाची, त्यामुळे पात्रांनाही झोप नाही आणि वाचणाऱ्यालाही.

दुसरी युक्ती जरा चलाख आहे. कोडं असं बेतायचं की ते वाचकाला नायकापेक्षा पानभर आधी सुटावं. एका जागी उलटं, आरशातलं हस्ताक्षर पानावर चक्क छापलेलं आहे. आपल्याला ते बघताक्षणी कळतं. हार्वर्डचे प्राध्यापक आणि त्यांच्याहून विद्वान त्यांचे इंग्रज स्नेही मात्र ही कुठली प्राचीन लिपी म्हणून डोकं खाजवत बसतात. न्यूटनच्या थडग्याचं कोडंही तसंच. आपण शाळेतच ऐकलेल्या गोष्टीशी हे थोर लोक हळूहळू येऊन पोचतात. असं तीन-चारदा झालं की वाचक स्वतःवर खूश होतो, आणि स्वतःवर खूश झालेला वाचक पुस्तक खाली ठेवत नाही.

लबाडीही आहे. आपण पात्राच्या डोक्यात बसून गोष्ट बघतोय, आणि ऐन वेळी लेखक आपल्याला बाहेर काढतो. 'समोरचं दृश्य पाहून तिचा विश्वासच बसेना', प्रकरण समाप्त. तिनं पाहिलं, मग आम्ही काय घोडं मारलंय? सोफीनं आजोबांच्या घरी जे पाहिलं ते तर मैलोन्‌मैल असंच लांबवलंय. जुन्या रहस्यकथेत हे चालत नसे. धागा वाचकासमोर टाकायचा आणि तरी त्याला चकवायचं, असा रिवाज होता.

जुनी रहस्यकथा म्हटली की मे महिन्याच्या सुट्ट्या आल्याच. वाड्यातल्या थोरल्या ओसरीवर पोरं पालथी पडलेली, मध्ये गल्लीतल्या लायब्ररीतून भाड्यानं आणलेला अर्नाळकरांचा झुंजार किंवा काळा पहाड. पुस्तक एक आणि वाचणारे चार, म्हणून सगळ्यात हळू वाचणाऱ्याच्या नावानं शिमगा. शेवटची दोन पानं हमखास फाटलेली. आणि पहिल्याच पानावर कुण्या पुण्यवंतानं पेन्सिलीनं लिहून ठेवलेलं असायचं, 'खून मुनीमजीनं केला'. तो हरामखोर कोण, हे रहस्य आजवर कुणाला सुटलं नाही. त्यातही एखादा त्याच्या वरताण निघायचा आणि चुकीचंच नाव लिहून ठेवायचा.

ही पुस्तकं लपवून वाचावी लागत, हे वेगळं सांगायला नको. आजोबांचा आवाज यायचाच. "काहून बे, कायले असली पुस्तकं वाचता? काही माहितीचं वाच." आपल्याकडे हा शब्द फार जबरदस्त. गोष्ट वाचणं म्हणजे टाइमपास, माहितीचं वाचणं म्हणजे अभ्यास. चरित्र, प्रवासवर्णन, गड-किल्ले चालतील. खून आणि पाठलाग चालणार नाहीत.

'दा विंची कोड'नं नेमकी इथेच बाजी मारली. खून आहे, पाठलाग आहे, रक्तानं काढलेली चिन्हं आहेत, पण मधल्या जागेत चित्रकला, चर्चचा इतिहास, फिबोनाचीची श्रेणी, सोनेरी गुणोत्तर ठासून भरलंय. जे काका जन्मात कादंबरीला हात लावत नाहीत तेही ही वाचून चारचौघांत सांगायला मोकळे, "मोनालिसाचं नेमकं काय आहे, माहीत आहे का तुला?" तर्रीसाठी रांग लावायची आणि तारीफ पोह्यांची करायची, तसला प्रकार.

कारण यातली माहिती, म्हणाल तर, बरीचशी कच्ची आहे.

गोष्ट सुरू होण्याआधी एक पान आहे, 'वस्तुस्थिती' सांगणारं. प्रायरी ऑफ सायन ही १०९९ साली स्थापन झालेली गुप्त संघटना खरी आहे. कादंबरीतली कला, वास्तू, दस्तावेज आणि गुप्त विधी यांची वर्णनं अचूक आहेत. या पानावर कुणी थबकत नाही. कादंबरीच्या पोटात नायक काही म्हणाला तर 'गोष्ट आहे' म्हणून आपण सोडून देतो. हे पान पोटात नाही, उंबऱ्याबाहेर आहे, म्हणून ते खरं धरून आपण आत शिरतो. अख्ख्या पुस्तकातलं सगळ्यात हुशार पान हेच, आणि वाद जे पेटले ते सगळे इथूनच.

पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयाच्या काचेच्या पिरॅमिडला नेमक्या ६६६ काचा आहेत, असं पुस्तक सांगतं. संग्रहालयाचा आकडा ६७३ आहे. खुनी साधू ओपस डेई या कॅथलिक संस्थेचा आहे. त्या संस्थेत साधूच नसतात. 'व्हर्जिन ऑफ द रॉक्स' हे लिओनार्दोचं चित्र सोफी एकटीनं भिंतीवरून उतरवते आणि त्याची ढाल करते. लूव्हरमधलं ते चित्र १९९ सेंटिमीटर उंच आणि १२२ रुंद आहे, चौकट वेगळी. दोन जणांनी मिळून पलंगाची फळी जिन्यावरून वर नेऊन बघावी, मग बोलावं.

येशूचा वंश पुढे चालला, या कादंबरीतल्या रहस्याचा माग ज्यात दडवलाय त्या क्रिप्टेक्सचं तर विचारूच नका. दगडी नळकांडं, त्यावर २६ अक्षरांच्या पाच चकत्या, आत पपायरसची गुंडाळी आणि व्हिनेगरची काचेची कुपी. जबरदस्तीनं उघडाल तर कुपी फुटेल आणि व्हिनेगरनं मजकूर विरघळून जाईल. पाच चकत्यांच्या जुळण्या होतात १,१८,८१,३७६. एका जुळणीला अडीच सेकंद धरले तर दिवसरात्र बसून अकरा महिन्यांवर काम. इथवर हिशोब बरोबर. पण पपायरस म्हणजे पाणवनस्पतीच्या गाभ्याच्या पट्ट्या आडव्या-उभ्या दाबून केलेला कागद, आणि व्हिनेगर म्हणजे चार-पाच टक्के ॲसिटिक आम्ल. त्यात कागदाचा तुकडा टाकून ठेवा, तो मऊ पडेल, लिबलिबीत होईल, विरघळणार नाही. फार तर शाई पसरेल. आणि तीही पसरू द्यायची नसेल तर असलं व्हिनेगर शून्याखाली दोन-एक अंशांवर गोठतं आणि घरातला फ्रीजर शून्याखाली अठरापर्यंत जातो. रात्रभर आत ठेवा, सकाळी हातोडा घ्या. जगातलं सर्वात मोठं रहस्य नाश्त्याच्या आत टेबलावर. कुठल्याही नागपुरी घरात मेमध्ये फ्रीजरला जागा नसते, एवढीच काय ती अडचण.

त्या म्हाताऱ्या संग्रहालयप्रमुखाची पंधरा मिनिटं तर अजरामर आहेत. पोटात गोळी, पंधरा मिनिटांचं आयुष्य. तेवढ्यात हा गृहस्थ मोनालिसाच्या काचेवर एक ओळ लिहितो, दुसऱ्या चित्रामागे किल्ली लपवतो, परत येऊन कपडे उतरवतो, त्यांची घडी घालतो, जमिनीवर अदृश्य शाईनं आकडे, दोन ओळींचं कोडं आणि ताजा कलम लिहितो, भोवती वर्तुळ काढतो, पोटावर रक्तानं तारा काढतो आणि लिओनार्दोच्या प्रसिद्ध रेखाटनातल्यासारखे हातपाय पसरून मरतो. एवढ्या वेळात आपल्याकडे सरकारी फॉर्मवर नाव-पत्ता भरून होत नाही.

आणि तरीही पहिल्या वाचनात यातलं काहीच खुपत नाही! घड्याळ बघायला, काचा मोजायला, व्हिनेगर तपासायला लेखक उसंतच देत नाही. हा गुण मानायचा की नाही? मानायचा. थरारक कादंबरीचं कामच ते. शैली बेतास बात, पात्रं पुठ्ठ्याची, प्रेमप्रकरण लावायचं म्हणून लावलेलं. चहूकडून पोलीस मागावर असताना मध्यरात्री त्या इंग्रज सरदार स्नेह्याच्या हवेलीत बसून तिघं लिओनार्दोच्या 'लास्ट सपर' चित्रावर लांबलचक चर्चासत्र भरवतात. पण त्या चर्चासत्राचीही कड मळलेलीच आहे.

नागपुरात बर्डीच्या फूटपाथवर याची पायरेटेड आवृत्ती कित्येक वर्षं ढिगानं मिळायची. घेताना पाठीवरून हात फिरवून बघावा, कारण असल्या बांधणीत शिलाई नसते, नुसता गोंद असतो. मेमध्ये स्कूटरच्या डिकीत विसरलं की गोंद मऊ पडतो, पाठ वाकडी होते आणि पानं गठ्ठ्यानं सुटायला लागतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे फॉर्मे, म्हणजे एकत्र छापून दुमडलेले पानांचे गठ्ठे, तपासावेत. फॉर्मा सोळा पानांचा. जुळणी करणाऱ्याचा हात चुकला की ९७ ते ११२ पानं दोनदा येतात आणि ११३ ते १२८ गायब. साध्या कादंबरीत यानं सत्यानाश होतो. इथे चार प्रकरणं गेली तरी दहा पानांत गाडी रुळावर येते, कारण लेखक मागचं सगळं थोड्या थोड्या वेळानं पुन्हा सांगत असतो. टीका करणारे याला पाल्हाळ म्हणतात. ज्याच्या हाती फाटकी प्रत आली तो म्हणत नाही.

माहितीचा सोस फक्त नागपूरकरांनाच आहे असंही नाही. १९८२ साली येशूच्या वंशावर शोधग्रंथ लिहिणाऱ्या तिघांपैकी दोघांनी, मायकेल बेजंट आणि रिचर्ड ली यांनी, ब्राउननं आपलं संशोधन उचललं म्हणून लंडनच्या हायकोर्टात दावा लावला. पंचाईत अशी की ते म्हणतात तसा तो इतिहास असेल तर इतिहासावर कुणाची मालकी नाही, आणि मालकी सांगायची तर ती कल्पना होती असं कबूल करावं लागेल. एप्रिल २००६ मध्ये दावा फेटाळला गेला. न्यायमूर्ती पीटर स्मिथ यांना एवढ्यानं समाधान झालं नाही. त्यांनी निकालपत्रातच काही अक्षरं तिरपी छापून स्वतःचा एक गुप्त संदेश घुसवला. तो उलगडायला वकील मंडळी बसली. संदेश निघाला एका जुन्या ब्रिटिश ॲडमिरलविषयी, खटल्याशी काडीचा संबंध नसलेला.

त्या दोघांनी ज्यावर भिस्त ठेवली ती प्रायरी ऑफ सायन १०९९ ची नव्हतीच. ती १९५६ साली फ्रान्समध्ये पिएर प्लाँतार नावाच्या माणसानं नोंदवली होती, आणि सायन हे नाव जवळच्या एका टेकडीवरून आलं. सुरुवातीच्या काळात संघटनेचं पत्रक काढलं जाई, त्यात म्हाडा छापाच्या स्वस्त घरांत राहणाऱ्यांच्या हक्कांचे प्रश्न असत. त्यातून काही होईना, तेव्हा पुढच्या दशकात बनावट वंशावळी आणि जुन्या थोर लोकांच्या याद्या तयार करून त्या पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ठेवण्यात आल्या. लिओनार्दो, न्यूटन, बॉटिचेल्ली, ह्यूगो, सगळे प्रायरीचे अध्यक्ष. ग्रंथालयाच्या कपाटात सापडलं म्हणजे खरंच असणार, असं वाचणाऱ्यांनी धरलं. ब्राउननं त्याचीच 'वस्तुस्थिती' केली.

प्लाँतार फेब्रुवारी २००० मध्ये वारला. कादंबरी यायला अजून तीन वर्षं होती. रॉयल्टी मागायचा खरा हक्क कुणाचा असेल तर त्याचा, आणि तो मागायला जागेवर नव्हता.