हिमालयन ४५० की ३९० ॲडव्हेंचर एक्स : निवडीच्या नोंदी

नोव्हेंबर

जुनी २२० सीसीची गाडी देऊन ॲडव्हेंचर टूरिंग वर्गातली एकच गाडी घ्यायची आणि ती पुढची बरीच वर्षे सांभाळायची, असे ठरवून सुरू केलेली छाननी आता रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० आणि केटीएमची ३९० ॲडव्हेंचर एक्स या दोघींवर येऊन ठेपली आहे. या वर्गात इतरही गाड्या आहेत. पण मी राहतो साताऱ्यात, कामानिमित्त अधूनमधून पुण्याला जातो, सुटीला पत्नीसह घाट उतरून कोकणात जातो आणि येत्या वर्षी हिमाचलमधल्या स्पितीला जाण्याचा बेत आहे. एवढ्या सगळ्याला पुरणाऱ्या आणि खिशाला झेपणाऱ्या याच दोन उरल्या.

किमतीने निवड सोपी केली नाही. जानेवारी २०२४ मध्ये हिमालयनची एक्स-शोरूम किंमत २ लाख ८५ हजारांपासून सुरू होत होती, तर जानेवारी २०२५ मध्ये ॲडव्हेंचर एक्स २ लाख ९१ हजारांना बाजारात आली. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीवरील दुचाकींवरचा कर उपकरासह ३१ टक्के होता तो ४० टक्के झाला आणि या दोन्ही गाड्या त्या रेषेच्या वरच्या असल्याने कराचा दर दोघींना एकच आहे. शोरूममधून लिहून घेतलेल्या ऑन-रोड आकड्यांतही निर्णय फिरवील एवढे अंतर नव्हते. एक्समध्ये सुरुवातीला नसलेले क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप कायम ठेवणारी यंत्रणा) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (मागचे चाक घसरू न देणारी यंत्रणा) त्याच वर्षी पुढे आल्यामुळे ‘स्वस्त म्हणून कमी सोयींची’ हा तिच्यावरचा जुना शेराही आता लागू होत नाही.

चाकणला बनते म्हणून केटीएमकडे मन थोडे झुकते, हे नाकारत नाही. हिमालयन मात्र चेन्नईकडची. आपल्या भागातल्या दोन्हींच्या चाहत्यांना गोव्याचे एक निमित्त समान आहे : पहिली ३९० ॲडव्हेंचर डिसेंबर २०१९ मध्ये तिथल्याच मेळाव्यात दाखवली गेली आणि हिमालयन ४५०ची किंमतही नोव्हेंबर २०२३ मध्ये गोव्यातच जाहीर झाली. अर्थात, यावरून गाडी निवडायची नसते.

डिसेंबर

कागदावर पाहिले तर केटीएम सरळ पुढे आहे. तिचे ३९९ सीसीचे इंजिन ८५०० आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे फेरे) ४६ पीएस (अश्वशक्तीचे एकक) देते, हिमालयनचे ४५२ सीसीचे इंजिन ८००० आरपीएमला ४० पीएस देते. आणि वजनातही केटीएम साधारण १४ किलोंनी हलकी आहे, कारण हिमालयन इंधनासह १९६ किलोंची आणि एक्स सुमारे १८२ किलोंची आहे. टनामागे किती पीएस पडतात असा हिशेब मांडला, तर हिमालयन २०४ वर राहते आणि केटीएम २५० च्या पुढे जाते.

टॉर्कचा, म्हणजे फिरवणाऱ्या जोराचा, आकडा मात्र वेगळेच सांगतो. हिमालयनचे ४० न्यूटन मीटर ५५०० आरपीएमला मिळतात, केटीएमचे ३९ न्यूटन मीटर ६५०० आरपीएमला. म्हणजे जोर जवळपास तेवढाच, पण एक हजार फेरे अलीकडे. त्याचे मूळ सिलिंडरच्या मापांत आहे. केटीएमचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ८९ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ६४ मिलिमीटर आहे. हिमालयनचा बोअर ८४ आणि स्ट्रोक ८१.५ मिलिमीटर आहे. बोअर रुंद आणि स्ट्रोक आखूड असला की पिस्टनला प्रत्येक फेऱ्यात कमी अंतर कापावे लागते, त्यामुळे इंजिन न कुरकुरता वरपर्यंत फिरते आणि मोठ्या व्हॉल्व्हना जागा मिळून वरच्या फेऱ्यांत श्वासही भरपूर घेते. स्ट्रोक लांब असला की वरची मर्यादा लवकर येते, पण खालच्या फेऱ्यांत इंजिन दमदार राहावे अशी जुळणी करणे सोपे जाते. दोन्ही इंजिने एका सिलिंडरची आणि पाण्याने थंड होणारी आहेत, गिअरही सहा-सहाच आहेत. तरी त्यांचे स्वभाव दोन टोकांचे आहेत ते या मापांमुळे.

उंचीवरचा हिशेबही याच वेळी करून ठेवला. साडेचार हजार मीटरवर, म्हणजे स्पितीच्या वाटेवरच्या कुंझुम खिंडीच्या आसपास, हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ६३ टक्के उरते आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद ढोबळमानाने त्याच प्रमाणात घटते. मग ४६ चे २९ आणि ४० चे २५ पीएस होतात. खाली सहाचा असलेला फरक तिथे चारवर येतो आणि ग्राम्फू ते बातल या दगडगोट्यांच्या, नाले ओलांडायच्या रस्त्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या पुढे फारसे जायचेच नसते. स्पितीसाठी जास्त पीएस हवेत असे म्हणणाऱ्यांनी तिथल्या रस्त्यावरचा आपला सरासरी वेग आधी आठवून पाहावा.

जानेवारी

शोरूमच्या चाचणीत चौकापर्यंत जाऊन परत येण्यापलीकडे काही कळत नाही. मित्रमंडळींपैकी एकाकडे हिमालयन आणि दुसऱ्याकडे ॲडव्हेंचर एक्स असल्याने दोन्ही एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा भरून, मागे पत्नी आणि कॅरिअरवर तीच सामानाची पिशवी घेऊन चालवल्या. रस्ता साताऱ्याहून यवतेश्वर घाटाने कासवर आणि पुढे बामणोलीकडे उतरणारा. चढ, आखूड वळणे, उखडलेल्या कडा आणि पर्यटकांच्या गाड्या या सगळ्यामुळे इथे वेग आपोआप २० ते ५० च्या दरम्यान राहतो, आणि आमच्या फिरण्यातले बहुतेक तास याच वेगात जातात.

यवतेश्वरच्या चढावरच्या आवळ वळणात पुढची मोटार अचानक सावकाश झाली की दोन गाड्यांतला भेद स्पष्ट होतो. हिमालयन दुसऱ्या गिअरमध्ये, अडीच-तीन हजार फेऱ्यांवर, क्लचला हात न लावता वळणाबाहेर निघाली. आवाज जड झाला, पण चेनला झटका बसला नाही. तीन हजार आरपीएमपासूनच ९० टक्के टॉर्क मिळतो असा कंपनीचा दावा आहे आणि त्या वळणात तो मला पटला. त्याच जागी केटीएमला पहिला गिअर द्यावा लागला किंवा क्लच अर्धा दाबून फेरे वर ठेवावे लागले. एकटा असताना यात मजा असते, गाडी खेळकर वाटते. पण मागे माणूस असताना प्रत्येक वळणावर हे करत राहिले की दोघांचीही डोकी हेल्मेटला हेल्मेट लागून ठकठकतात.

पठारावर उघडा रस्ता लागला तेव्हा पारडे फिरले. केटीएमचे इंजिन पाच हजारांच्या पुढे गेले की असे उघडते की ओव्हरटेकसाठी जागा शोधावी लागत नाही, ती तयार होते. पुण्याहून येताना खंबाटकी घाटात मालट्रकांच्या रांगेमागून बाहेर पडायचे असेल, तर मला तीच गाडी हवी असेल. तिचे डब्ल्यूपी सस्पेन्शन वेगात खड्डा घेताना ताठ आणि भरवशाचे वाटते. हिमालयनचे शोवा सस्पेन्शन त्याच खड्ड्यावर थोडे अधिक डोलते, पण तीसच्या वेगात ते खडी अंगाला लागू देत नाही. सस्पेन्शन वर-खाली हलण्याचे माप दोघींचे जवळपास एकच, पुढे २०० मिलिमीटर आणि मागे २०० ते २०५. तरीही अनुभव वेगळा येतो.

पत्नीचा निकाल बामणोलीच्या उतारावर आला. हिमालयनवरून उतरताना ती म्हणाली, “अहो, हिच्यावर उतारात मी तुमच्या पाठीवर घसरत नाही, एवढं मला पुरेसं आहे.”

फेब्रुवारी

सीटच्या उंचीची चौकशी करणाऱ्यांसाठी ही नोंद सविस्तर. दोन्ही गाड्यांची सीट कागदावर ८२५ मिलिमीटर आहे. हिमालयनची ८४५ पर्यंत वर घेता येते आणि तिच्यासाठी ८०५ ची बुटकी सीटही मिळते. पण पाय जमिनीला टेकतो की नाही, हे केवळ उंचीवर ठरत नाही. सीटचा पुढचा भाग किती रुंद आहे आणि मांडी किती फाकते, यावर बोटभराचा फरक पडतो. माझी उंची पाच फूट सहा इंच. दोन्हींवर दोन्ही पायांचे चवडे टेकतात, टाच एकाच पायाची टेकते.

हे चवडे पुरतात का, याची परीक्षा आपल्याकडे कुठे होते, तर कोकणातल्या फेरीबोटीवर. धोपावे-दाभोळ, तवसाळ-जयगड, वेसवी-बागमांडला या मार्गांवर गाडी घेऊन जाणाऱ्यांना हे ठाऊक आहे. ओहोटी असली की काँक्रीटचा उतार लांबतो आणि त्याच्या खालच्या पट्ट्यावर हिरवे शेवाळ असते. तिथून बोटीच्या लोखंडी फळीवर चढायचे, तीही ओली. पायी चालण्याच्या वेगात एबीएसचा उपयोग नसतो आणि पुढचा ब्रेक लावला की चाक सरकते. मागचा ब्रेक हलका, क्लच अर्धा आणि नजर समोर, एवढेच करायचे असते. मागे बसणाऱ्याने आधीच उतरलेले बरे. आत गेल्यावर खलाशी ‘अजून पुढं, अजून पुढं’ करत मोटारी आणि रेलिंग यांच्यामधल्या हातभर जागेत गाडी घ्यायला लावतो, आणि तिथे इंजिन नव्हे तर पाय गाडी ढकलतात.

धोपाव्याला दोन्ही गाड्या आम्ही आळीपाळीने चढवल्या. डेकवर ढकलताना केटीएमचा हलकेपणा लगेच जाणवला. ते १४ किलो मला तिथे, थांबलेल्या गाडीत, महामार्गावरच्यापेक्षा कितीतरी जास्त मोलाचे वाटले. दाभोळला उतरून ओला चढ चढताना मात्र उलटे झाले. हिमालयन नुसत्या आयडलिंगवर, थ्रॉटल जेमतेम उघडून, चाक न घसरता वर गेली. केटीएमला मी जरा जास्त फेरे दिले आणि ट्रॅक्शन कंट्रोलने हस्तक्षेप करून तिला सावरले. दोन्ही वर आल्या. पण एकीत ते काम इंजिनाच्या स्वभावाने झाले आणि दुसरीत यंत्रणेने केले, आणि बिघाडाची शक्यता जिथे कमी ती बाजू मी धरतो.

टायरचा मुद्दा केटीएमच्या बाजूचा आहे. एक्सला पुढे १९ आणि मागे १७ इंचांची मिश्रधातूची चाके आहेत, ट्यूबलेस. खिळा लागला तर रबराची दोरी खुपसून, हवा भरून पुढे निघता येते. हिमालयनची २१ आणि १७ इंचांची स्पोकची चाके सुरुवातीला ट्यूबचीच होती. स्पोकची भोके हवेच्या कप्प्यापासून बंद ठेवणारी ट्यूबलेस स्पोकची चाके पुढे उपलब्ध झाली आणि ती घेतल्याशिवाय ही गाडी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ट्यूबची गाडी असलेल्या मित्राकडे मागचे चाक काढून पाहिले. टायरची कड रिमपासून सोडवताना साबणाचे पाणी, दोन लिव्हर आणि गुडघ्याचा जोर लागला, आणि ट्यूबला लिव्हरचा चिमटा बसू नये म्हणून शेवटचा वीतभर भाग हातानेच सरकवावा लागला. अंगणात हे ठीक आहे. स्पितीतल्या लोसारच्या वाऱ्यात नाही. ज्यांच्याकडे आधीच ट्यूबची चाके आहेत त्यांनी निदान २१ इंची ट्यूब जवळ ठेवावी, कारण ती अडीनडीला १७ इंची टायरातही घालून गावापर्यंत येता येते. मिश्रधातूचे चाक दगडावर जोरात आदळले तर वाकते किंवा चिरते, आणि स्पोकचे चाक बहुधा सरळ करता येते, ही दुसरी बाजूही विसरू नये.

टाकी हिमालयनची १७ लिटरची, केटीएमची १४.५ लिटरची. लिटरला २८ किलोमीटर धरले तर अनुक्रमे ४७६ आणि ४०६. कोकणात याने काही बिघडत नाही. पण तांदीच्या पंपावरची ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ ही पाटी ज्यांना लेहकडे जाताना वाचायची आहे, त्यांना सामान, चढ आणि खालच्या गिअरमुळे घटणारे ॲव्हरेज धरून केटीएमसोबत कॅन न्यावाच लागेल.

मार्च

हिमालयन बुक केली, ट्यूबलेस स्पोकच्या चाकांसह. कारण वर आलेच आहे : माझे बहुतेक किलोमीटर पन्नाशीच्या आतल्या वेगात, दोन माणसे आणि सामान घेऊन होतात, आणि त्या पट्ट्यात हिमालयनचे इंजिन मला कमी काम करायला लावते. जो एकटा फिरतो, ज्याचा निम्म्याहून अधिक प्रवास चौपदरी महामार्गावर होतो, किंवा ज्याला थांबलेली गाडी हलवणे जड जाते, त्याने मात्र माझ्या या नोंदी वाचून ॲडव्हेंचर एक्सच घ्यावी.

गाडीच्या गोल पडद्यावर दिसणाऱ्या नकाशाचा मी निवडीत विचार केला नाही. तो फोनवरून चालतो आणि आमच्या घाटांत फोनचे नेटवर्क असेलच असे नाही, त्यामुळे नकाशा आधी उतरवून ठेवावा लागेल. क्रॅश गार्ड आणि इंजिनाखालची जाड पत्र्याची प्लेट गाडीसोबतच लावून घेणार आहे, पेट्या नंतर. ताबा मिळाल्यावर पत्नी आणि सामानासह मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड (स्प्रिंगचा आधीचा ताण) कोणत्या खाचेवर ठेवला आणि त्याने सीट किती मिलिमीटर दबली, हे मोजून पुढच्या नोंदीत देईन.