सातव्या पानावर अडणारा लेझर प्रिंटर

माझ्या घरच्या कृष्णधवल लेझर प्रिंटरच्या खोक्यावर मिनिटाला २० पाने असे छापलेले आहे, आणि मजकुराच्या पानांपुरते ते खरेही आहे. गेल्या महिन्यात मात्र झाडांच्या नोंदींची एक अठरा पानी पुस्तिका छापायला घेतली, तेव्हा पहिली सहा पाने भराभर बाहेर पडली आणि सातव्या पानावर प्रिंटर थबकला. हिरवा दिवा लुकलुकत राहिला, आतला पंखा घुमत राहिला, कागद मात्र ट्रेमधून हलेना. घड्याळ लावून पाहिले तर त्या एका पानाने ४ मिनिटे २० सेकंद घेतले. एवढे होऊन पानावर होते काय, तर अर्ध्या पानाचे एक छायाचित्र, त्याखाली दोन परिच्छेद आणि छायाचित्राच्या कडेला शोभेसाठी दिलेली एक मऊ सावली.

माझा पहिला संशय वायफायवर गेला. प्रिंटर यूएसबी केबलने थेट संगणकाला जोडला आणि तेच पान पुन्हा छापले, तेव्हा अवघे १५ सेकंद वाचले. केबलच्या शोधात घालवलेला अर्धा तास हिशेबात धरला तर हा व्यवहार तोट्याचाच म्हणावा लागेल. पण त्यातून एवढे कळले की वेळ कोण खातो आहे हे ठरवल्याशिवाय काहीही बदलण्यात अर्थ नाही. पान छापले जाते तेव्हा तिघांचे काम चालते. संगणक पानाचे वर्णन तयार करतो, केबल किंवा वायफाय ते पोहोचवते आणि प्रिंटर त्या वर्णनाचे ठिपके करून कागदावर उतरवतो. या तिघांपैकी आळशी कोण, हे बाहेरून एकाच लुकलुकत्या दिव्यावरून ओळखू येत नाही.

प्रिंटरचे यंत्र ठीक आहे की नाही हे तपासणे सर्वांत सोपे आहे. अवघड पानाच्या एका वेळी दोन प्रती मागवाव्यात. पहिली चार मिनिटांनी आली आणि दुसरी तिच्या पाठोपाठ तीन सेकंदांत आली, तर ड्रम, रोलर आणि टोनर वितळवून कागदावर पक्का करणारा फ्यूजर यांचा काहीही दोष नाही. सगळा वेळ पहिल्या प्रतीआधीच्या तयारीत गेला, असे समजावे. माझ्याकडे नेमके तसेच झाले. पुढची पायरी म्हणजे संगणकावरची स्पूल फाइल पाहणे. प्रिंटची आज्ञा दिल्यावर संगणक पानाचे वर्णन आधी आपल्याच डिस्कवर एका तात्पुरत्या फाइलमध्ये लिहितो आणि मग ती फाइल प्रिंटरला पुरवतो. प्रिंट क्यूच्या, म्हणजे छपाईच्या रांगेच्या, खिडकीत तिचा आकार दिसतो, आणि तो आकडा पाहूनच मी खुर्चीत सावरून बसले. संपूर्ण पुस्तिकेची पीडीएफ ३ एमबीची होती. एकट्या सातव्या पानाची स्पूल फाइल १२८ एमबीची झाली होती.

हा आकडा कुठून आला ते समजले की बाकीचे आपोआप उलगडते. ए४ कागद २१० गुणिले २९७ मिलिमीटरचा असतो. इंचाला ६०० ठिपके धरले तर आडवे सुमारे ४९६० आणि उभे सुमारे ७०१६, म्हणजे एकूण जवळपास साडेतीन कोटी ठिपके होतात. कृष्णधवल प्रिंटरला प्रत्येक ठिपक्यासाठी काळा की कोरा एवढेच, म्हणजे एकच बिट पुरते, आणि अख्खे पान साधारण ४.३ एमबीत मावते. पण तेच पान रंगीत चित्र म्हणून पाठवले तर प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट लागतात आणि आकार १०४ एमबीवर जातो. त्यात माझा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरशी बोलण्यासाठी संगणकात बसवलेला प्रोग्राम, ही माहिती छापील अक्षरांच्या रूपात पाठवत होता. त्या जुन्या पद्धतीत दर चार बाइटांची पाच अक्षरे होतात, म्हणजे आणखी पाव हिस्सा वाढतो. समासाची जागा वजा केली की १२८ एमबीचा हिशेब बरोबर जुळतो. थोडक्यात, ज्या प्रिंटरकडे काळ्याखेरीज दुसरा टोनरच नाही त्याच्याकडे माझा संगणक अख्खे पान रंगीत चित्र करून, फुगवून पाठवत होता, आणि बिचारा प्रिंटर ते सगळे वाचून त्यातला रंग टाकून देत होता.

असे करण्याची वेळ संगणकावर आणली ती त्या मऊ सावलीने. कडेकडे विरळ होत जाणारी सावली म्हणजे पारदर्शकता, आणि माझा ड्रायव्हर वापरत होता त्या, १९८४ साली अडोबीने आणलेल्या पोस्टस्क्रिप्ट या पानवर्णनाच्या भाषेत तशा पारदर्शकतेची सोयच नाही; तिच्यात वर रंगवलेले खालच्याला पूर्ण झाकते. पीडीएफमध्ये पारदर्शकता २००१ साली आली. त्यामुळे पीडीएफमधले पान पोस्टस्क्रिप्टमध्ये उतरवताना जिथे पारदर्शक काही असेल तो भाग सपाट चित्र करून पाठवण्यावाचून प्रोग्रामला गत्यंतर नसते. शहाणा प्रोग्राम फक्त तेवढाच तुकडा सपाट करतो. उतावळा प्रोग्राम सगळे पानच चित्र करून मोकळा होतो, आणि त्याबरोबर दोन परिच्छेदांची अक्षरेही चित्रात जातात.

इथे लेझर प्रिंटरची एक मूळ अडचण आड येते. इंकजेटचे डोके एक पट्टी छापून पुढची माहिती येईपर्यंत थांबू शकते. लेझरमध्ये एकदा कागद निघाला की ड्रम ठरलेल्या वेगाने फिरतो, टोनर चिकटतो, फ्यूजर तापलेला असतो, आणि मध्येच थांबण्याची मुभा कोणालाच नसते. म्हणून अख्खे पान, किंवा निदान हमखास वेळेत पुरवता येतील इतक्या पट्ट्या, आधी स्मृतीत तयार असाव्या लागतात, आणि तोवर कागद ट्रेमध्येच राहतो. ही अडचण लेझरइतकीच जुनी आहे. १९८४ साली आलेल्या एचपीच्या पहिल्या लेझरजेटमध्ये १२८ केबी स्मृती होती, तर इंचाला ३०० ठिपक्यांचे पूर्ण पान मावायला सुमारे १ एमबी लागते. त्यामुळे अक्षरे तो सुरेख छापत असे, पण पानभर चित्र ३०० ठिपक्यांनी छापणे त्याच्या आवाक्याबाहेर होते. पुढच्याच वर्षी अ‍ॅपलने काढलेल्या लेझररायटरमध्ये १.५ एमबी स्मृती आणि १२ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर होता, म्हणजे ज्या मॅकिंटॉशला तो जोडायचा त्याच्यापेक्षा प्रिंटरच अधिक वेगवान होता! आज घरगुती प्रिंटरच्या बाबतीत परिस्थिती उलट आहे. संगणक कैक पटींनी बलवान झाला आणि प्रिंटरमधली चिप मात्र खर्च वाचवण्यासाठी बेताचीच ठेवली जाते.

हे लक्षात आल्यावर केबल जोडून लागलेल्या माझ्या ४ मिनिटे ५ सेकंदांची फोड करता आली. पहिले ५० सेकंद संगणक स्पूल फाइल लिहीत होता आणि उरलेले सव्वातीन मिनिटे माहिती जात असल्याचे क्यूमध्ये दिसत होते. या ठिकाणी केबलला दोष देण्याचा मोह होतो, पण यूएसबी २.० ला १२८ एमबी पोहोचवायला काही सेकंदच लागायला हवेत. खरी गोष्ट अशी की प्रिंटरची स्मृती भरली की तो पुढची माहिती घेणे थांबवतो, आधीची पचवतो आणि मग पुन्हा घोटभर घेतो, म्हणून संथ दिसते केबल आणि संथ असतो प्रिंटर.

उपाय करताना मी छायाचित्रापासून सुरुवात केली. मूळ फोटो ४००० गुणिले ३००० पिक्सेलचा होता आणि पानावर तो १६ सेंटिमीटर रुंद बसवला होता, म्हणजे इंचाला सुमारे ६३५ पिक्सेल. प्रिंटर ६०० ठिपक्यांचा आहे, तेव्हा हे योग्यच असे मला आधी वाटत असे, आणि हाच गैरसमज बहुतेकांचा असतो. प्रिंटरचा ठिपका एक तर काळा असतो किंवा नसतो. करडी छटा दाखवायला त्याला ठिपक्यांची चौकट लागते. ६ गुणिले ६ ठिपक्यांची चौकट धरली तर ३७ छटा मिळतात, पण इंचात अशा चौकटी १०० च बसतात. अशा छपाईसाठी इंचाला २०० पिक्सेल भरपूर झाले. त्यापुढचे सगळे प्रिंटर सरासरी काढून टाकून देतो. म्हणून फोटो १२६० पिक्सेल रुंद केला, त्याचा रंग काढून तो करडा केला आणि सावली त्याच चित्रात पांढऱ्या पार्श्वभूमीवर कायमची मिसळून टाकली. १.२ कोटी रंगीत पिक्सेलांच्या जागी सुमारे १२ लाख करडे पिक्सेल उरले, म्हणजे माहिती तिसाव्या हिश्श्यावर आली. मुख्य म्हणजे पानावर पारदर्शक असे काही उरले नाही, त्यामुळे परिच्छेद पुन्हा अक्षरे म्हणूनच गेले आणि त्यांच्या कडाही धारदार झाल्या. सातवे पान १४ सेकंदांत बाहेर आले. जुने पान आणि नवे पान खिडकीच्या उजेडात शेजारी ठेवले तेव्हा फोटोत मला काडीचाही फरक दिसला नाही.

प्रत्येक संथ पानाचे दुखणे मात्र हेच नसते. माझ्याच पुस्तिकेतल्या अकराव्या पानावर समोच्च रेषांचा एक नकाशा आहे. त्याची स्पूल फाइल जेमतेम ९ एमबीची होती, तरीही प्रिंटर दीड मिनिट विचार करत बसला. तिथे माहिती थोडी होती, पण ती लाखभर बारीक रेषाखंडांची होती, आणि प्रत्येक रेषेचे ठिपके प्रिंटरच्या अशक्त चिपला स्वतः काढावे लागत होते. अशा पानाला सातव्या पानाचा उपाय उलटा करून लागू पडतो. पीडीएफ वाचण्याच्या प्रोग्रामात पान चित्र म्हणून छापण्याचा जो पर्याय असतो तो निवडला की रेषांचे ठिपके संगणक काढतो, आणि रेषा हजार असोत की दहा लाख, मूळ चित्राचा आकार तेवढाच राहतो. जे सातव्या पानाचे विष होते ते अकराव्या पानाचे औषध ठरले. अट एवढीच, की हे फक्त त्या एका पानापुरते करावे, आणि आधी ड्रायव्हर बदलावा.

ड्रायव्हरचा मुद्दा मी उगाच शेवटी ठेवला. खरे तर पुष्कळांचे काम तिथेच होईल. एकाच प्रिंटरसाठी अनेकदा पोस्टस्क्रिप्ट आणि पीसीएल (एचपीची पानवर्णनाची भाषा) असे दोन वेगळे ड्रायव्हर मिळतात, दोन्ही एकाच वेळी बसवता येतात, आणि एकाला जड जाणारे पान दुसऱ्याकडून सहज सुटते. ज्या स्वस्त प्रिंटरांत पानवर्णनाची भाषाच नसते आणि सगळे ठिपके संगणकच काढून देतो, तिथे मात्र हा पर्याय नसतो. अशा वेळी ड्रायव्हरमध्ये १२०० ऐवजी ६०० ठिपके निवडावेत, कारण दुप्पट ठिपके म्हणजे चौपट माहिती. एका जड पानाच्या दहा प्रती हव्या असतील तर ते पान एकटेच पाठवून प्रतींची संख्या ड्रायव्हरमध्ये द्यावी. संपूर्ण पुस्तिकेचे दहा संच लावून मागितले की कमी स्मृतीचा प्रिंटर प्रत्येक संचासाठी तेच पान पहिल्यापासून पुन्हा रचतो. जाड कागदाचा पर्याय चुकून निवडलेला राहिला असेल तर तोही पाहावा. त्यात टोनर नीट वितळावा म्हणून यंत्र मुद्दाम हळू चालते.

नकाशाचे पान आता पीसीएल ड्रायव्हरने ४० सेकंदांत येते. चित्र करून छापले तर ते २० सेकंदांत येते, पण मग नकाशावरची गावांची बारीक नावे थोडी फुगीर दिसतात, म्हणून त्या पानासाठी मी ४० सेकंद थांबते.